कारणे दाखवा नोटीस आली तर काय करावं: महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधली शिस्तभंगाची कारवाई, पायरी पायरीने

शिस्तभंगाच्या प्रकरणात विद्यार्थ्याचं नुकसान बहुतेक वेळा शिक्षेच्या आधीच होऊन गेलेलं असतं. छापील फॉर्मवर न वाचता सही केलेली असते. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत ‘प्रॅक्टिकल चालू होतं’ म्हणून उलटून गेलेली असते. किंवा ‘सरांना तोंडी सगळं सांगितलंय’ एवढ्यावर मुलगा निर्धास्त असतो आणि समितीच्या फाइलमध्ये त्याच्या बाजूने एक ओळही नसते. कॉलेजात शिकवत असताना अशा समित्यांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. समिती फाइल वाचून ठरवते. जे फाइलमध्ये नाही ते तिच्यासाठी घडलेलंच नसतं. म्हणून या लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा येईल: लेखी द्या, पोच घ्या, प्रत जपून ठेवा.

हा लेख मुख्यतः मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, अमरावती, नांदेड, सोलापूर अशा ठिकाणच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या आणि त्यांना संलग्न कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. या विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे चालतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठांची नियमावली वेगळी असते, पण विद्यापीठ अनुदान आयोगाचे म्हणजे यूजीसीचे जे नियम पुढे येतील ते त्यांनाही लागू आहेत.

आधी हे बघा: कारवाई कोण करतंय?

नोटीस हातात पडली की आशय वाचण्याआधी खालची सही बघा. विद्यापीठाच्या विभागांमधल्या विद्यार्थ्यांवरचा शिस्तीचा अधिकार कुलगुरूंकडे असतो. कॉलेजात रोजची शिस्त राखण्याचा अधिकार प्राचार्यांचा. वसतिगृहात रेक्टर असतात, पण त्यांचा अधिकार वसतिगृहापुरता. खोली काढून घेणं ही एक गोष्ट आणि कॉलेजातून काढणं ही दुसरी. रेक्टरच्या सहीने ‘तुम्हाला कॉलेजमधून काढण्यात येत आहे’ असं पत्र आलं असेल तर पहिला प्रश्न अधिकाराचाच विचारायचा.

परीक्षेतल्या गैरप्रकारांचा रस्ता वेगळा आहे. परीक्षा विद्यापीठाची असेल तर प्रकरण परीक्षा व मूल्यमापन मंडळाने नेमलेल्या चौकशी समितीकडे जातं. कॉलेज स्वतः घेतं ती परीक्षा असेल तर कॉलेजची समिती चौकशी करते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, रॅगिंगची रॅगिंगविरोधी समितीकडे आणि संशोधनातल्या वाङ्मयचौर्याची शैक्षणिक सचोटीच्या समितीकडे. एकाच घटनेत दोन रस्तेही निघू शकतात. वसतिगृहातल्या मारामारीचं प्रकरण प्राचार्यांकडेही असतं आणि पोलिसांकडेही. तिथे एका ठिकाणी दिलेला जबाब दुसऱ्या ठिकाणी विसंगत ठरणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

उपस्थिती कमी असल्याने डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येणं ही शिस्तभंगाची कारवाई नव्हे. तिथे वैद्यकीय दाखले, खेळ किंवा एनएसएसची पत्रं दाखवून प्राचार्यांकडे सवलतीचा अर्ज करायचा असतो आणि तो टर्म संपायच्या आत करायचा असतो.

नियम कुठे सापडतील

प्रवेशाच्या वेळी तुम्ही एका प्रतिज्ञापत्रावर सही केलेली असते: मी विद्यापीठाच्या आणि कॉलेजच्या शिस्तीच्या नियमांना बांधील राहीन. बहुतेकांना ती सही आठवतही नाही, पण पुढची कारवाई तिच्या आधाराने होते. त्यामुळे नियम माहीत नव्हता हा बचाव टिकत नाही. तो वापरूच नका.

नियम शोधायला तीन जागा आहेत. पहिली, कॉलेजचं माहितीपत्रक, म्हणजे प्रॉस्पेक्टस, आणि त्यातली शेवटची, कुणी न वाचणारी पानं. दुसरी, विद्यापीठाचे परिनियम, अध्यादेश आणि परिपत्रकं. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ५०५० प्रसिद्ध आहे. त्यात गैरप्रकारांचे वर्ग आणि त्यांपुढे शिक्षेचं प्रमाण असा तक्ताच आहे. इतर विद्यापीठांचेही असे तक्ते असतात, पण ते एकसारखे नसतात, म्हणून आपल्याच विद्यापीठाचा मिळवा. तिसरी जागा यूजीसीची विनियमावली.

नोटिशीत ‘गैरवर्तन केले’ एवढंच मोघम लिहिलं असेल तर कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाचा भंग झाला हे लेखी विचारा. हा प्रश्न उद्धटपणा नाही. आरोपच नीट कळला नाही तर उत्तर कशाला देणार?

परीक्षा हॉलमध्ये पकडलं गेलात तर

सर्वाधिक प्रकरणं याच प्रकारची असतात, म्हणून इथे जरा थांबू.

क्रम साधारण असा असतो. हॉलमधला ज्युनियर सुपरवायझर किंवा भरारी पथकातले शिक्षक तुमच्याजवळ कागद, मोबाइल, हातावर लिहिलेलं काही पाहतात. सिनियर सुपरवायझरना बोलावलं जातं. उत्तरपत्रिका आणि सापडलेलं साहित्य ताब्यात घेतात, त्यावर वेळ लिहून सह्या होतात. मग तुम्हाला दुसरी कोरी उत्तरपत्रिका देऊन उरलेल्या वेळेत पेपर लिहू देतात. पुढचे पेपरही देता येतात, पण निकाल समितीच्या निर्णयापर्यंत राखीव राहतो.

या गडबडीत एक फॉर्म समोर येतो. त्यावर पर्यवेक्षकाचा अहवाल असतो आणि खाली विद्यार्थ्याच्या जबाबासाठी जागा. मुलं रडवेली झालेली असतात, हात थरथरत असतो, आणि कुणीतरी सहानुभूतीनेच म्हणतं, ‘लिही, चूक झाली, पुन्हा करणार नाही. सही कर आणि पेपर लिहायला बस.’ मुलगी तसं लिहून मोकळी होते. पुढे समितीसमोर ती सांगते की चिठ्ठी माझ्या बाकाखाली पडलेली होती, माझी नव्हती. तोवर तिचा स्वतःच्या अक्षरातला कबुलीजबाब फाइलच्या पहिल्या पानावर लागलेला असतो.

म्हणून तिथे बसल्या बसल्या एवढं करा. फॉर्म पूर्ण वाचा. आरोप खरा असेल तर जेवढं घडलं तेवढंच लिहा, जास्त नाही, कमी नाही. खिशात चिठ्ठी होती पण तिच्यातून उतरवलं नव्हतं, तर अगदी तसंच लिहा: ‘चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी तिचा वापर केलेला नाही. ताब्यात घेतलेल्या उत्तरपत्रिकेतील मजकुराशी ती ताडून पाहावी.’ बहुतेक तक्त्यांमध्ये नुसतं साहित्य जवळ बाळगणं आणि प्रत्यक्ष नक्कल करणं यांना वेगवेगळी शिक्षा असते. तुमच्या एका वाक्याने पूर्ण सत्राचा फरक पडू शकतो. आरोप खोटा असेल तर ‘हे साहित्य माझे नाही, मला आरोप मान्य नाही’ असं लिहून मग सही करा. सही करायलाच नकार देण्याने फारसं साधत नाही. ‘विद्यार्थ्याने सही करण्यास नकार दिला’ अशी नोंद पर्यवेक्षक करतात आणि तुमचं म्हणणं नोंदवायचं राहून जातं.

सापडलेल्या कागदावर तुमची सही घेतली जाते. कागद किती आहेत, छापील की हस्तलिखित, हे सही करताना मोजून बघा. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी सगळा घटनाक्रम तारीख, वेळ, हॉल क्रमांक, कोण कुठे बसलं होतं यासह लिहून काढा. सुनावणी दोन-तीन महिन्यांनी लागली तर स्मरणावर विसंबता येत नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘वापरलं नाही, फक्त जवळ होतं’ याने माणूस निर्दोष सुटत नाही. सीबीएसईच्या परीक्षेतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: नियमानेच साहित्य जवळ बाळगणं हा गैरप्रकार ठरवला असेल, तर वापर झाला की नाही हा मुद्दा उरत नाही. मोबाइलचंही तेच. स्विच ऑफ होता, घड्याळासारखा वापरत होतो, ही उत्तरं समित्यांनी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांचा काही परिणाम होत नाही. फोन बॅगेत ठेवा आणि बॅग वर्गाबाहेर.

उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव किंवा ओळख पटेल अशी खूण, देवाचं नाव, ‘पास करा सर’ अशी विनवणी किंवा नोट जोडणं हेदेखील गैरप्रकारच. खेड्यापाड्यांतून आलेली पहिल्या पिढीची मुलं अनेकदा भाबडेपणाने पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात. अनेक ठिकाणी ते दुर्लक्षिलं जातं, पण त्यावर विसंबू नका. दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसणं हा या सगळ्यातला सर्वांत गंभीर प्रकार. त्यात दोघेही अडकतात आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो.

संपूर्ण केंद्राचीच परीक्षा रद्द झाली तर? तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी नोटीस मिळेलच असं नाही. बिहारमधल्या एका केंद्रावरच्या सामूहिक कॉपीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये सांगितलं की जिथे कुणा एकावर ठपका नसून केंद्रावरची परीक्षाच विश्वासार्ह राहिलेली नाही, तिथे प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी घेण्याची गरज नाही. अशा वेळी सगळ्यांनी मिळून लवकर फेरपरीक्षेची मागणी करणं जास्त उपयोगी.

नोटिशीला उत्तर कसं लिहायचं

‘कारणे दाखवा’ नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे. तुमचं म्हणणं ऐकण्याची ती संस्थेची जबाबदारी आहे आणि तुमची संधी. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने म्हणणं न ऐकताच विद्यार्थ्यांचे निकाल रद्द केले होते. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. तेव्हापासून हे तत्त्व पक्कं आहे. पण संधी दिली आणि तुम्हीच घेतली नाही, तर मग न्यायालयही फारसं ऐकत नाही.

उत्तर लहान ठेवा. शब्दांचा फुलोरा नको, कुणावर राग नको, ‘आपण मायबाप आहात’ ही भाषाही नको. नमुना असा:

‘मा. प्राचार्य / मा. अध्यक्ष, चौकशी समिती, यांस.
विषय: दि. … रोजीच्या कारणे दाखवा नोटिशीस (जा. क्र. …) उत्तर.
महोदय,
मी, …, वर्ग …, पीआरएन क्र. …, वरील नोटिशीस पुढीलप्रमाणे उत्तर देत आहे.
१. नोटिशीत नमूद घटना दि. … रोजी … वाजता घडल्याचे म्हटले आहे. त्या वेळी मी … येथे होतो/होते.
२. आरोपातील … हा भाग मला मान्य आहे. … हा भाग मान्य नाही, कारण …
३. माझ्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ सोबत … जोडत आहे. … यांना साक्षीदार म्हणून बोलवावे.
४. माझ्याविरुद्धच्या तक्रारीची व अहवालाची प्रत मला मिळालेली नाही. ती मिळावी व त्यानंतर अधिक म्हणणे मांडण्याची परवानगी असावी.
५. निर्णयापूर्वी माझे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे, ही विनंती.’

खाली सही, तारीख, मोबाइल क्रमांक, जोडपत्रांची यादी. दोन प्रती काढा. आवक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणाला ‘ठेवून जा, साहेबांना देतो’, तर नम्रपणे थांबा. पोच मिळाल्याशिवाय निघू नका. अगदीच नकार मिळाला तर तेच पत्र त्याच दिवशी अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टने पाठवा. मुदत कमी असेल, उदाहरणार्थ दोनच दिवस, तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत करा.

चूक झालीच असेल तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही. स्पष्ट कबुली, पहिलीच वेळ असणं, नुकसान भरून द्यायची तयारी, घरची खरी परिस्थिती या गोष्टी समिती शिक्षा ठरवताना पाहते. मात्र खोटा वैद्यकीय दाखला किंवा मित्राकडून लिहून घेतलेली खोटी साक्ष जोडू नका. मूळ आरोपापेक्षा त्याची शिक्षा मोठी होते आणि त्यापुढे तुमच्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

सुनावणीच्या दिवशी

एका लांब टेबलापलीकडे बहुधा तीन ते पाच जण असतात, वेळ दहा-पंधरा मिनिटांची. फाइल आधीच वाचलेली असते. ओळखपत्र, हॉल तिकीट, नोटीस, तुमच्या उत्तराची पोच असलेली प्रत आणि त्या संध्याकाळी लिहिलेला घटनाक्रम घेऊन जा. आईवडिलांना सोबत न्या. बऱ्याच समित्या त्यांना आत बसू देतात, नाही दिलं तरी ते बाहेर असल्याने मुलाचा धीर टिकतो. घरी न सांगता प्रकरण दडपू पाहणाऱ्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत. नोटिशीची प्रत तशीही पालकांच्या पत्त्यावर जाते. घरच्यांना ती पोस्टमनकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या.

वकील नेता येईल का? अशा अंतर्गत चौकशीत तो हक्क सहसा नसतो. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्कही प्रत्येक प्रकरणात मिळत नाही. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या वसतिगृहात रात्री घुसलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात मुलींचे जबाब आरोपींच्या अपरोक्ष घेतले होते. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्यच ठरवलं, कारण समोरासमोर बोलायला लावलं असतं तर त्या मुली बोलल्याच नसत्या. पण तुमच्याविरुद्ध काय म्हटलं गेलं आहे हे तुम्हाला कळायला हवं. ते लेखी मागा.

समितीतल्या कुणाचा तुमच्याशी आधीचा वाद असेल, किंवा तक्रारदार शिक्षकच समितीत बसले असतील, तर सुनावणी सुरू होण्याआधी लेखी हरकत घ्या. निकाल विरुद्ध गेल्यावर घेतलेली हरकत कुणी मनावर घेत नाही. जबाब लिहून घेतला असेल तर सही करण्याआधी वाचा, चुकलं असेल तिथे दुरुस्ती करून बाजूला सही करा, आणि प्रत मागा.

रॅगिंग: इथे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सीनियर्सच्या मारहाणीनंतर मरण पावला. त्याच वर्षी यूजीसीचे रॅगिंगविरोधी विनियम आले. महाराष्ट्राने तर त्याआधी दहा वर्षं, १९९९ मध्येच, रॅगिंग प्रतिबंधक कायदा केला होता. त्याप्रमाणे दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय विद्यार्थ्याला काढून टाकलं जातं आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही.

या कायद्यातली एक गोष्ट तक्रारदाराने पाठ करून ठेवावी. लेखी तक्रार मिळाल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा प्रमुख रॅगिंगला साथ देणारा मानला जातो. यूजीसीच्या विनियमांप्रमाणे फौजदारी गुन्हा घडल्याचं कळल्यापासून २४ तासांत एफआयआर नोंदवणं हीसुद्धा संस्थेचीच जबाबदारी आहे. ‘आपसांत मिटवून घ्या, कॉलेजचं नाव खराब होईल’ असं कुणी म्हणालं तर हे त्यांना शांतपणे लेखी आठवून द्या.

तक्रार तीन ठिकाणी करता येते: रॅगिंगविरोधी समितीकडे, पोलीस ठाण्यात, आणि १८००-१८०-५५२२ या चोवीस तास चालणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर. हेल्पलाइनवर नाव गुप्त ठेवता येतं. पुरावा जपा: मेसेजचे स्क्रीनशॉट, जखमांचे फोटो, दवाखान्याचा केसपेपर, त्या रात्री घरी केलेल्या फोनची नोंद. विनियमांतल्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्दही येतात. त्यामुळे ज्युनियर्सना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये ओढून रात्री दोनपर्यंत ‘इंट्रो’ द्यायला लावणं, शिवीगाळ, असाइनमेंट लिहून घेणं, पार्टीसाठी पैसे उकळणं हे सगळं रॅगिंगच. जात, धर्म, रंग, प्रांत, भाषा किंवा लैंगिक ओळखीवरून केलेला छळ २०१६ च्या दुरुस्तीने व्याख्येत स्पष्टपणे आणला. जातीवरून अपमान असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याखालीही स्वतंत्र तक्रार होते.

दुसऱ्या बाजूने, तुमच्यावरच रॅगिंगचा आरोप आला असेल तर पीडिताला भेटून ‘तक्रार मागे घे’ म्हणणं हा सर्वांत वाईट मार्ग. तो दबाव मानला जातो. निरोप्यासुद्धा पाठवू नका. तुम्ही तिथे नव्हतात तर मेसचं रजिस्टर, वसतिगृहाची गेट नोंद, बायोमेट्रिक हजेरी, रेल्वेचं तिकीट असे पुरावे लगेच मागा, कारण सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ‘अमुक तारखेचे चित्रण जतन करावे’ असा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. आणि करणारे सापडले नाहीत तर पूर्ण गटाला शिक्षा करण्याची तरतूद विनियमांत आहे, हेही लक्षात ठेवा. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला ती लागू होऊ शकते.

विनियमांखालच्या शिक्षा वर्गातून निलंबनापासून सुरू होतात: शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेला बंदी, वसतिगृहातून काढणं, एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेट करणं, आणि शेवटी कायमची हकालपट्टी. अपील संलग्न कॉलेजच्या आदेशाविरुद्ध कुलगुरूंकडे आणि विद्यापीठाच्या आदेशाविरुद्ध कुलपतींकडे.

लैंगिक छळाच्या तक्रारी

प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. यूजीसीचे विनियम २०१५ चे आहेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला जाते, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात. चौकशी चालू असताना तक्रारदार मुलीला समोरच्याचा वर्ग, प्रॅक्टिकलची बॅच किंवा गाइड बदलून मागता येतो. समिती आपण होऊन हे सांगेलच असं नाही, म्हणून अर्जातच मागणी करा. दोन्ही बाजूंनी नावं आणि कागद गुप्त ठेवायचे असतात. इन्स्टाग्रामवर टाकलेली एक स्टोरी खऱ्या तक्रारीलाही अडचणीत आणते.

पीएचडी आणि वाङ्मयचौर्य

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत टक्केवारीच दिली आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के: सुधारित प्रबंध जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्के: एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करायला बंदी. ६० टक्क्यांच्या वर: नोंदणी रद्द. सॉफ्टवेअरचा अहवाल तसाच स्वीकारू नका. अवतरणचिन्हांतला मजकूर, संदर्भसूची, मनोगत, सर्वत्र वापरली जाणारी पारिभाषिक वाक्यं आणि सूत्रं मोजणीतून वगळायची असतात. ती वगळून अहवाल पुन्हा काढून मागा.

निलंबन, रस्टिकेशन, हकालपट्टी

आदेशात यांपैकी कोणता शब्द आहे ते नीट पाहा. निलंबन बहुधा चौकशी चालू असेपर्यंतचं असतं आणि तात्पुरतं असतं. मात्र चौकशीच सुरू होत नसेल तर ते महिनोन्‌महिने लांबतं. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर चौकशी लवकर पूर्ण करण्याचा आणि दरम्यान परीक्षेचा फॉर्म भरू देण्याचा अर्ज द्या. रस्टिकेशन ठरावीक सत्रांसाठी असतं आणि मुदत संपल्यावर परत येता येतं. हकालपट्टी म्हणजे प्रवेशच संपला.

आदेश लेखी असला पाहिजे, त्यात कारण असलं पाहिजे, तारीख आणि सही असली पाहिजे. फळ्यावर नाव लावणं, गेटवर वॉचमनने अडवणं, ‘उद्यापासून येऊ नकोस’ हा फोन, यांना आदेश म्हणत नाहीत. असं झालं तर त्याच दिवशी ईमेल करा: आज अमुक वाजता मला प्रवेश नाकारण्यात आला, लेखी आदेश द्यावा. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडकवून ठेवण्याचाही संस्थेला अधिकार नाही. यूजीसीने २०१८ मध्ये तशी अधिसूचनाच काढली आहे.

दाद कुठे मागायची

पहिली पायरी म्हणजे आदेशातच सांगितलेलं अपील. तिथे मुदत काटेकोरपणे पाळा.

दुसरी वाट यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांची. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं आणि त्यांनी ३० कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असू शकतात. ही सोय फार कमी मुलांना माहीत आहे आणि ती फुकट आहे. मार्क कमी पडले अशा नुसत्या तक्रारीसाठी मात्र लोकपाल नाहीत.

फाइलमधले कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मुदत ३० दिवस. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. ‘दि. … रोजीच्या समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, पर्यवेक्षकाचा अहवाल, माझा जबाब’ असे कागद एकेक करून मागा.

शेवटचा उपाय उच्च न्यायालय. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. न्यायालय सहसा समितीच्या जागी बसून पुरावा नव्याने तोलत नाही. ते पाहतं की म्हणणं ऐकलं का, अधिकार होता का, शिक्षा अपराधाच्या मानाने फारच जबर आहे का. इथेच तुमच्या पोच घेतलेल्या प्रती कामी येतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकाल लागल्यानंतरची कामं

निर्दोष सुटलात तर तेवढ्यावर थांबू नका. राखीव निकाल खुला करण्याचं पत्र एक्झाम सेक्शनला गेलं का ते स्वतः जाऊन बघा. चौकशी विभागातून निर्णय होऊनही पोर्टलवर निकाल अडकून राहिल्याने पुढचा प्रवेश हुकला, असं वरचेवर घडतं. निलंबन मागे घेतल्याचा आदेश लेखी घ्या आणि निलंबनाच्या काळातली उपस्थिती कशी धरणार तेही त्यात लिहून मागा.

शिक्षा झाली असेल तर ती कोणत्या सत्रापर्यंत आहे आणि परीक्षेचा फॉर्म पुन्हा कधी भरता येईल, याची तारीख लेखी घ्या. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या नूतनीकरणावर काय परिणाम होतो ते समाजकल्याणच्या कार्यालयात आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात आधीच विचारा. पुढे नोकरीच्या किंवा परदेशातल्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का?’ असा प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या आणि सोबत अंतिम आदेशाची प्रत जोडा. सरकारी नोकरीच्या पडताळणी फॉर्ममध्ये विद्यापीठाने परीक्षेला बंदी घातली होती का, हे अनेकदा थेट विचारलेलं असतं. लपवलेली माहिती पडताळणीत उघड झाली तर नेमणूकच रद्द होऊ शकते. म्हणून अंतिम आदेश, पोच असलेली उत्तरं आणि अपिलाचा निर्णय हे सगळे कागद पदवीच्या प्रमाणपत्रासोबत एकाच फाइलमध्ये ठेवा.